रंगीत पेन्सिली चिकटवून केलेला पेनचा ठोकळा लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) उकलतो आणि शिसं दिसतच नाही. काय करावं?

तुम्ही सात षटकोनी पेन्सिली फेविकॉलने चिकटवल्या, मधल्या पेन्सिलीतून भोक पाडलं, पटाशी टेकताच ठोकळा उकलला. जो टिकला त्यावर नुसतं लाकूड दिसलं. मीही नागपुरातच लेथवर पेन करतो, आणि पेन्सिलींचा पेन हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उकलण्याचं कारण पेन्सिलीवरचा रंग. फेविकॉलमधलं पाणी लाकडात जिरलं तरच तो पकडतो, आणि रंगाचा थर ते जिरू देत नाही. अराल्डाइट (दोन भाग कालवून लावायचा इपॉक्सी गोंद) रंगाला धरून ठेवेल, पण ताण आला की रंगच लाकडावरून सुटतो. म्हणून सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून सहाही बाजू कोऱ्या लाकडापर्यंत घासायच्या. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. मग सावकाश घट्ट होणारं अराल्डाइट लावून क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवा. इतवारीतून पेन्सिली घेताना एकीला टोक करून बघा, हल्ली काही प्लास्टिकच्याही असतात. त्या यासाठी नकोत.

शिसं न दिसण्याचं कारण मात्र भूमितीत आहे. पेन्सिल साधारण 7 मिमी जाड, आणि बारीक पेनच्या आत बसवायच्या पितळी नळीसाठी लागणारं भोकही 7 मिमीचं. म्हणजे मधली पेन्सिल पूर्णच गेली. भोवतालच्या सहा पेन्सिलींचं शिसं मध्यापासून 7 मिमीवर. शिसं 3 मिमी जाड धरलं तरी त्याची आतली कड साडेपाच मिमीवर येते, आणि पेन 10 मिमी जाडीचा केला तर त्याचा पृष्ठभाग पाचवरच संपतो! शिसं सगळं भुशात गेलं. त्याऐवजी तीन पेन्सिली जिथे एकमेकींना भिडतात तो बिंदू मध्य धरा. तिथून प्रत्येक शिसं जेमतेम 4 मिमीवर आहे, त्यामुळे पेनवर तीन ठसठशीत पट्टे उमटतात. सहाही रंग हवेच असतील तर जाड नळीचा, 14 मिमीच्या आसपास जाडीचा पेन निवडा. तिथे तुमची सातांची मांडणी उत्तम बसते.

भोक पाडताना ड्रिल सारखं बाहेर काढून भुसा झटका. ते तापलं की शिशातलं मेण वितळतं, आणि मेणावर कुठलाच गोंद नीट बसत नाही. नळी बसवण्याआधी भोकात पातळ सायनो गोंद (फेविक्विकच्या जातीचा) सोडून वाळू द्या. पेनच्या टोकांशी एक मिलिमीटरही जाडी उरत नाही, म्हणून हत्यार ताजी धार लावलेलं हवं आणि काप अगदी हलका.

आपल्या हवेचंही बघावं लागतं. मे महिन्यातल्या दुपारी अराल्डाइट फार लवकर घट्ट व्हायला लागतं, ते काम भल्या सकाळी उरका. सायनो गोंदाचं वेगळं, तो हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो. कोरड्या उन्हाळ्यात रेंगाळतो, पण कूलरसमोर किंवा जुलैत झटकन धरतो आणि वर पांढुरकी झाक येते. थर देताना कूलर बंद, खिडकी उघडी. वाफ डोळ्यांना फार झोंबते.

शेवटची घासाई सर्वांत नाजूक. शिशाची पूड फिक्या लाकडात शिरली की निघत नाही. लाल रंग तर विशेष पसरतो. म्हणून हवी ती जाडी येण्याच्या जरा आधीच पातळ गोंदाचा थर देऊन शिसं बंद करा. लेथ थांबवून पेन्सिलीच्या लांबीच्या दिशेने घासा, आडवं नको. प्रत्येक पॉलिश पेपरनंतर पूड फुंकून काढा. पाणी लावून घासायचं ते वर गोंदाचे पाच-सहा थर चढल्यावरच.