ड्रॅगनला पोसतो कोण, हे आधी ठरवा

तुमच्या कादंबरीची सुरुवातीची प्रकरणे मन लावून वाचली. राजकन्या आणि शत्रूपक्षाचा ड्रॅगनस्वार यांच्यातील ओढ खरी वाटते. कच्चा राहिला आहे तो दरबार. तिथे सगळे कुजबुजतात, पण कशासाठी, ते कळत नाही. तुमचे राज्य सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, तेव्हा ड्रॅगनला रोज किती बकऱ्या लागतात, त्या कोणत्या गावांकडून वसूल होतात आणि वैशाखात नदीचे पात्र आटल्यावर त्याच्या पाण्याची सोय कोण करतो, हे ठरवले की खजिनदार, सेनापती आणि ड्रॅगनचा मोतद्दार (त्याची देखभाल करणारा नोकर) यांचे हितसंबंध एकमेकांना भिडतील आणि कारस्थानाला कारण मिळेल.

आपल्या खानदेशाचा इतिहासही जरूर वाचा. फारुकी घराण्याची सत्ता १६०१ मध्ये अशीरगड पडल्यावर संपली. त्या घराण्याचा शेवटचा सुलतान बहादूरशाह अकबराच्या छावणीत गेला आणि तिथेच अडकला, तरीही गड लगेच मोगलांच्या हाती लागला नाही. धनी शत्रूच्या ताब्यात आणि दरवाजा उघडायचा की नाही, हा निर्णय आत उरलेल्यांवर: एवढा मोठा पेच कल्पनेनेही सहजी सुचत नाही. तुमच्या राजकन्येला अशाच पेचात उभे करा.

प्रेमाची कबुली मात्र तिसऱ्या प्रकरणातून काढून पुढे न्या. तिने त्याला वाचवले तर गाव उपाशी राहते, अशी वेळ येईपर्यंत दोघांना बोलू देऊ नका.