डेंपो क्लबनं नेमकं काय कमावलं, आणि तो राष्ट्रीय लीगमधून नाहीसा का झाला?

तुम्ही विचारलंय की इतक्यांदा देशाचा विजेता ठरलेला गोव्याचा डेंपो स्पोर्ट्स क्लब हा फुटबॉल संघ मधेच दिसेनासा का झाला. मी फोंड्याचा. लहानपणी बाबांबरोबर बसनं मडगावला जाऊन फातोर्डा स्टेडियमवर या संघाचे सामने पाहिलेत, त्यामुळे उत्तर द्यायला बसलो.

क्लब 1968 सालचा, खाण व्यवसायातल्या डेंपो घराण्याचा. मुंबईत कुपरेजवर रंगणारा रोव्हर्स करंडक त्यांनी 1978 आणि 1979 असा लागोपाठ दोनदा जिंकला, पुढे 1986 मध्ये पुन्हा. पण डेंपोचं खरं वैभव आलं ते आर्मांदो कुलासो प्रशिक्षक असताना. 2004-05 आणि 2006-07 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग, मग तिच्या जागी आय-लीग सुरू झाल्यावर तिचा पहिलाच मोसम, 2007-08. त्यानंतर 2009-10 आणि 2011-12. आठ मोसमांत पाच विजेतेपदं! 2012 साली कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोघांच्याही नावावर प्रत्येकी तीनच होती.

हे पैशाच्या जोरावर झालं असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. पैसे कोलकात्यातही होते. डेंपोनं माणसं टिकवली. एकच प्रशिक्षक दहा वर्षांहून जास्त काळ राहिला. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी ही गोव्याची मुलं वर्षानुवर्षं एकत्र खेळली, म्हणून चेंडू कुठे येणार हे एकमेकांना न बघता कळायचं. आघाडीला ब्राझीलचा बेटो आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. 2011-12 च्या लीगमध्ये एकट्या रँटीनं 32 गोल केले. 2008 मध्ये हा संघ एएफसी चषक या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेला. तिथवर त्याआधी एकही भारतीय क्लब पोचला नव्हता.

क्रिस्तियानो ज्युनियरबद्दल लिहिल्याशिवाय मात्र डेंपोची गोष्ट सांगता येत नाही. हा ब्राझीलचा आघाडीपटू आधीच्या मोसमात ईस्ट बंगालकडून लीगमध्ये सर्वाधिक गोल करून डेंपोत आला होता. 5 डिसेंबर 2004, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन चषकाची अंतिम लढत मोहन बागानशी. डेंपो 2-0 नं जिंकला, दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली, तो कोसळला आणि गेला. वय 25. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपर वाचून घडी घातली आणि काही न बोलता बाजूला ठेवला. करंडकाचा विषय घरात कुणी काढलाच नाही. डेंपोनं त्याचा 10 नंबर पुन्हा कुणाला दिला नाही. त्याच मोसमात संघ पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकला.

आता नाहीसं होण्याबद्दल. 2014-15 मध्ये संघ आय-लीगमधून खाली घसरला, हे खरं. पण पुढच्याच मोसमात द्वितीय श्रेणी जिंकून त्यांनी वर येण्याचा हक्क मिळवला होता. तेव्हाच भारतीय फुटबॉल महासंघ इंडियन सुपर लीगला देशाची अव्वल लीग करायला निघाला, आणि मैदानावर कितीही जिंकलं तरी जुन्या क्लबांना तिथे जायची वाट उरेना. 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्याच क्लबांपाठोपाठ डेंपोनंही राष्ट्रीय लीग सोडली. म्हणजे डेंपो हरून गेला नाही, जिंकून बाहेर पडला. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो, जरी त्यामुळे फातोर्ड्याला जायचं माझं एक कारण संपलं.

क्लब बंद मात्र कधीच पडला नाही. गोव्याच्या स्पर्धांत तो खेळत राहिला, मुलं घडवत राहिला. 2023-24 मध्ये आय-लीग 2 या खालच्या श्रेणीतून वर येऊन 2024-25 ला तो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. प्रशिक्षक होता समीर नाईक, त्या जुन्या बचावफळीतला.