ब्रेक लागतोय ना, मग पॅड बदलायची घाई कशाला?

प्रश्न: गाडीच्या पुढच्या ब्रेकमधून महिनाभर ची-ची आवाज येतोय. ब्रेक नीट लागतो. मध्ये ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून टॉपअप केलं. पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत चालवली तर चालेल का?

उत्तर: नाही, सर्व्हिसिंगची वाट बघू नका, याच आठवड्यात चाकं उघडून पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीला (डिस्कला) ब्रेक दाबल्यावर आवळणारे तुकडे, बघून घ्या. पावसात किंवा गाडी धुतल्यावर येणारा आवाज चार-सहा वेळा ब्रेक दाबला की जातो, पण महिनाभर टिकलाय म्हणजे पॅड संपत आल्याचीच शक्यता जास्त, कारण बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची पट्टी असते आणि पॅड झिजला की ती डिस्कला घासून मुद्दाम आवाज करते.

मला जास्त काळजी वाटतेय ती टॉपअपची. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही, ते बंद सिस्टीममध्ये असतं, त्यामुळे लेव्हल उतरली तर एकतर कुठेतरी गळतंय, नाहीतर पॅड झिजल्यामुळे कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर सरकलाय आणि ती जागा ऑइलने भरलीय. वरून ऑइल ओतलं की ही खूण झाकली जाते, पॅड तेवढेच झिजलेले राहतात.

असंच चालवलं तर पॅडचा मसाला (डिस्कला घासणारा थर) संपून मागची लोखंडी प्लेट डिस्कला घासते, ची-चीची खरखर होते, डिस्कवर चरे पडतात, मग पॅडसोबत डिस्कही बदलावी लागते.

आणि ‘ब्रेक नीट लागतो’ यावर विसंबू नका प्लीज. सिग्नलला हळू थांबताना ब्रेकची थोडीच ताकद वापरली जाते. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायचं अंतर साधारण चौपट होतं, आणि गाडीचा तो सगळा वेग पॅड-डिस्कमध्ये उष्णता होऊन जिरतो. त्यात ऑइल जुनं असेल तर अजून धोका, कारण ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ऑइल नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. भरलेली गाडी लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आणली तर ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात, पाय दाबला की बुडबुडेच दबतात आणि ब्रेक लागतच नाही. म्हणून बहुतेक गाड्यांना साधारण २ वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं असतं.

प्रश्न: चालत्या गाडीत पेडल एकदम खाली गेलं तर?

उत्तर: पेडल भराभर पंप करा, बऱ्याचदा थोडं प्रेशर परत येतं. सोबत एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा, झटका दिला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. इंजिन मात्र बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं.