२०१२ चा ऑलिंपिक विजेता किरानी जेम्स पुण्यात धावला होता का? आणि ज्युनियरमधून वर यायला त्याला किती वेळ लागला?

हो, २००८ मध्ये पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धेत त्याने ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, आणि तिथून चारच वर्षांत तो ऑलिंपिक विजेता झाला. सगळे टप्पे अधिकृत निकालांत सापडतात. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा देशातल्या गुयाव्ह या मासेमारांच्या गावचा हा मुलगा २००९ च्या जागतिक युवा स्पर्धेत २०० आणि ४०० मीटर दोन्ही जिंकला, २०१० मध्ये ज्युनियर विश्वविजेता झाला आणि अमेरिकेत अलाबामा विद्यापीठाकडून धावू लागला. खरी झेप २०११ ची. दक्षिण कोरियातल्या देगूत झालेल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत ४०० मीटरच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा लशॉन मेरिट शेवटच्या सरळ पट्ट्यात पुढे होता; किरानीने त्याला अगदी रेषेजवळ गाठलं. ४४.६० विरुद्ध ४४.६३ सेकंद! एकोणिसावा वाढदिवस तेव्हा दोन दिवसांवर होता. लंडनला ४३.९४ सेकंदांत आलेलं सुवर्ण हे ग्रेनाडाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. पुढे रिओत रौप्य, टोकियोत कांस्य. मधल्या काळात थायरॉईडच्या आजाराने त्याला ट्रॅकपासून दूर ठेवलं होतं, म्हणून ते कांस्य मला फार मोलाचं वाटतं.

मात्र ज्युनियरमधून वर येण्याचा हा वेग सर्वसाधारण समजू नका. उसेन बोल्टसुद्धा २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ज्युनियर विश्वविजेता होता, पण २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दुखापतीमुळे पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण २००८ चं.