हौशी मंडळाच्या 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स'मध्ये कोरसच्या हालचाली कशा बसवाव्यात?

तुमची अडचण थोडक्यात अशी: तुम्ही इंग्लंडमधल्या एका गावात राहता, तिथलं हौशी मंडळ गिल्बर्ट (शब्द) आणि सलिव्हन (संगीत) यांचा 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स' हा ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी विनोदी संगीतिका, करतंय आणि कोरस, म्हणजे घोळक्याने गाणारी मंडळी, बसवायचं काम तुमच्यावर आलंय. कोरसमधले निम्मे लोक साठीच्या पुढचे, बायका जास्त, पुरुष कमी, नाच कुणी शिकलेलं नाही आणि हॉलचा रंगमंच लहान. मीही इकडच्या अशाच एका मंडळात आधी कोरसमध्ये गायलो आणि पुढे कोरस बसवू लागलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, नाच बसवायचा विचार डोक्यातून काढा. या ऑपेरेटाला नाचणारा कोरस लागतच नाही. वीस माणसांनी एकाच गोष्टीवर मनापासून विश्वास ठेवायचा, एवढंच त्याचं मागणं आहे. चाचे हे एक पात्र, पोलीस हे एक पात्र आणि मेजर-जनरलच्या मुली हे एक पात्र, असं धरून संहिता वाचा. मग एक गोष्ट लक्षात येईल: यातला प्रत्येक घोळका तोंडाने एक सांगतो आणि अंगाने भलतंच करतो. पोलीस 'निघालो, निघालो' गातात आणि जागचे हलत नाहीत. चाचे मांजरीच्या पावलांनी येतोय म्हणतात आणि पाय आपटत येतात. मुली डोळे मिटून हवापाण्यावर बोलायचं ठरवतात आणि कान मात्र बहिणीच्या प्रेमालापाकडे लावून बसतात. विनोद या फटीत आहे. ती फट शेवटच्या रांगेतून दिसली की तुमचं काम झालं, मग कुणाचा पाय कमी उचलला गेला तरी फरक पडत नाही.

याला एक अट आहे. कोरसमधल्या कुणीही आपण विनोद करतोय हे दाखवायचं नाही. गिल्बर्टने १८७७च्या 'एंगेज्ड' या आपल्या नाटकाच्या सुरुवातीलाच नटांना बजावून ठेवलंय की हे सगळं अगदी गंभीरपणे करायचं, आपण बोलतोय ते हास्यास्पद आहे याची आपल्याला जाणीव आहे असं प्रेक्षकाला कळताच कामा नये. ऑपेरेटांनाही हेच लागू पडतं. हौशी कोरसमध्ये दोन-तीन जण तरी असे असतात, जे ओळखीच्या प्रेक्षकाकडे बघून डोळे मोठे करतात. त्यांना पहिल्या आठवड्यातच, बाजूला घेऊन, प्रेमाने पण ठामपणे थांबवा.

आपण मराठी नाटकावर वाढलेली माणसं या कामाला एका बाबतीत कमी तयार असतो आणि एका बाबतीत जास्त. 'पायरेट्स' न्यूयॉर्कला ३१ डिसेंबर १८७९ रोजी रंगमंचावर आलं आणि किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात. काळ एकच, पण आपल्याकडे पद म्हणजे मुख्यतः एकट्याचं गाणं. नट पुढे येतो, गातो, आणि बाकीचे त्याला जागा देतात. अख्खा घोळकाच पात्र म्हणून गातोय, याची सवय आपल्या कानाडोळ्यांना नाही. उलट 'घाशीराम कोतवाल' पाहिलेल्या माणसाला घोळक्याची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. १९७२ साली त्या नाटकात ब्राह्मणांची एक रांग डुलते, गाते, भिंत होते, पाठ फिरवते आणि नुसत्या त्या पाठ फिरवण्याने प्रसंग बदलतो. कोरस बसवताना मला स्वतःला सर्वात जास्त उपयोग त्या रांगेचा झाला. हात-पाय कमीत कमी हलवून, सगळ्यांनी एकाच क्षणी एकाच दिशेला बघितलं तरी केवढं काम होतं, हे तिथे शिकता येतं.

आता प्रत्यक्ष काम. गिल्बर्ट तालमीला येण्याआधी घरी रंगमंचाची छोटी प्रतिकृती मांडून बसत असे आणि तिच्यावर लाकडी ठोकळे हलवून बघत असे. पुरुषांचे ठोकळे तीन इंच उंच, बायकांचे अडीच. तुम्हीही हे कराच. पुठ्ठ्यावर रंगमंच मापाने आखा, विंगा दाखवा, पायऱ्या नि चौथरे दाखवा आणि बुद्धिबळाची प्यादी किंवा बाटल्यांची झाकणं घ्या. वीस माणसं दारूच्या पिंपांसकट त्या जागेत मावतात का, हे झाकणं दोन मिनिटांत सांगतात. तालमीत हा शोध लावायचा तर तीस माणसांची संध्याकाळ जाते. नोकरी करून आलेल्या माणसांना 'तू इकडे, नको, तिकडे' करत ताटकळत ठेवलं की पुढच्या आठवड्यापासून उपस्थिती गळायला लागते.

कोरसचे चार-पाच जणांचे गट पाडा. गटात निदान एक पक्का गाणारा आणि एक हालचाल न विसरणारा हवा; हे दोघे सहसा वेगवेगळे असतात. गट आवाजाप्रमाणे पाडलात तर गाण्याला सोपं जातं. आवाज मिसळून पाडलेत तर चित्र चांगलं दिसतं, पण त्यासाठी कोरस सुरात पक्का लागतो. हौशी मंडळात मी पहिला मार्ग घेतो. प्रत्येक मुलीला नाव, वय आणि लाडकी बहीण कोण ते ठरवायला सांगा. प्रेक्षकाला यातलं काही कळत नाही, पण उभं राहण्यात फरक पडतो. गुडघे दुखणाऱ्या बाईंना थोरली बहीण करा, दगडावर बसवा आणि बाकीच्यांना त्यांच्याभोवती रचा. बसलेल्या, टेकलेल्या, उभ्या आणि चौथऱ्यावरच्या माणसांनी रचना आपोआप चांगली होते. सगळे एका उंचीवर एका ओळीत उभे राहिले की शाळेच्या फोटोचं दृश्य तयार होतं आणि मागच्या ओळीतल्यांचे चेहरे झाकले जातात ते वेगळंच.

'क्लाइंबिंग ओव्हर रॉकी माउंटन' ही मुलींची एन्ट्री बहुतेक मंडळांना जड जाते. रांगेने येऊन अर्धवर्तुळात थांबणं सोपं, पण त्यात डोंगर चढून समुद्रावर सहलीला आलेल्या मुली कुठे दिसतात? गट एकेक करून, वेगवेगळ्या बाजूंनी आणा. पहिला गट समुद्र बघून थबकतो, दुसरा मागे वळून उरलेल्यांना हाक मारतो, थोरली बहीण सर्वात शेवटी, कुणाचा तरी हात धरून. विंग अरुंद असेल तर एक गट प्रेक्षागृहाच्या मधल्या वाटेने आणा. गाण्याचा पहिला शब्द येईल तेव्हा मात्र निम्म्या तरी बायका आपल्या जागी, समोर तोंड करून, श्वास घेऊन उभ्या असल्या पाहिजेत.

त्यानंतर पाण्यात पाय बुडवायला सगळ्या एकेक बूट काढतात, तेवढ्यात फ्रेडरिक, म्हणजे चाच्यांमध्ये वाढलेला तरुण नायक, समोर येतो आणि त्या एका पायावर उड्या मारत 'पुरुष!' म्हणून ओरडतात. सत्तरीच्या बाईंना एका पायावर उडी मारायला लावू नका. शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून एक पाय नुसता उचलला तरी दृश्य तेच राहतं, आणि दोघी एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहिल्या की घाबरलेल्याही जास्त वाटतात.

माझ्या मते 'हाउ ब्यूटिफुली ब्लू द स्काय' हा सगळ्या ऑपेरेटाचा मुकुटमणी आहे. मुली दोन मात्रांच्या ठेक्यात भराभर हवेबद्दल बडबडतात, त्यांची बहीण मेबल आणि फ्रेडरिक तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये प्रेम करतात आणि मग सलिव्हन ही दोन्ही एकमेकांवर चढवतो. संहितेतच सूचना आहे की मुलींनी हळू आवाजात बडबड चालू ठेवावी, पण सारा वेळ उत्सुकतेने ऐकत राहावं. इथे पाय अजिबात हलवायचे नाहीत. मान आणि धड, बस्स. प्रेमिकांच्या एका ओळीला अर्ध्या मुली इंचभर त्यांच्याकडे झुकतात आणि बडबड जोरात आली की झटक्याने सरळ होतात. कोण कुठल्या शब्दाला झुकणार हे प्रत्येकीच्या प्रतीत पेन्सिलीने लिहून घ्या. असं लिहून घेतलेलं झुकणं बाहेरून अगदी सहज घडल्यासारखं दिसतं. 'तुम्हाला वाटेल तेव्हा झुका' असं सांगितलं की सगळ्या एकदमच झुकतात नाहीतर कुणीच झुकत नाही.

यापुढे चाचे येऊन एकेक मुलगी पकडतात. बायका जास्त आणि पुरुष कमी, त्यामुळे जोड्या जमणार नाहीत. एका चाच्याच्या हाताशी दोन मुली द्या, किंवा उरलेल्या मुलींनी आपल्या बहिणीला सोडवायला चाच्यालाच धरावं. हे दुसरं मला जास्त आवडतं. कोण कुणाला कुठे हात लावणार हे दोघांना विचारून आधी पक्कं करा. चाच्याने हात पुढे करायचा आणि पकड मुलीनेच त्याच्या मनगटावर घ्यायची. लांबून बघणाऱ्याला त्यानेच धरल्यासारखं दिसतं आणि ती हवं तेव्हा सुटू शकते.

पहिल्या अंकाच्या शेवटी 'हेल, पोएट्री' येतं. वाद्यं थांबतात आणि नुसता कोरस गातो. इथे काहीही बसवू नका. गुडघे टेकायची प्रथा आहे, पण साठीच्या माणसाला टेकणं जमतं, उठणं जमत नाही. टोप्या काढून, कंडक्टरकडे बघत, स्तब्ध उभं राहून गाऊ द्या. एवढ्या गडबडीनंतर कोरस थांबलेला दिसणं हीच इथली हालचाल.

दुसऱ्या अंकात पोलीस एकामागोमाग एक कवायत करत येतात आणि प्रेक्षकांकडे तोंड करून ओळ धरतात. सगळ्या ऑपेरेटात इथेच तेवढी शिस्त हवी, म्हणून तालमीचा जास्तीत जास्त वेळ इथे घाला. पुरुष कमी असले तर सहा पोलीस पुरतात. तीच माणसं चाचे असून मधे कपडे बदलणार असतील तर ते मात्र जमायचं नाही, कारण पुढे दोन्ही टोळ्या एकाच वेळी रंगमंचावर आहेत. खालच्या पट्टीत गाणाऱ्या दोन-तीन बायकांना खुशाल गणवेश चढवा. मुली त्यांना 'जा, वीरांनो, मरा' असा आशीर्वाद देतात, ते ऐकून एकेका पोलिसाचा धीर सुटतो. हे डावीकडून उजवीकडे एकेकाने गुडघ्यात वाकत जावं, सगळ्यांनी एकदम नको. पुढे 'निघालो' म्हणताना जागच्या जागीच पाय उचला. मेजर-जनरल 'पण तुम्ही जात नाही!' म्हणून ओरडतो तेव्हा पाय हवेत थांबला पाहिजे.

'विथ कॅट-लाइक ट्रेड'मध्ये चाचे पाय आपटतात, ते सर्वांना आवडतं, आणि म्हणूनच ते लवकर भरकटतं. आपटायच्या जागा ठरवून द्या, त्यांच्यामधलं चालणं खरोखर चवड्यांवर आणि एकाग्र असू द्या. चाचे खरंच लपतछपत आले तरच तो आवाज हसवतो. रंगमंच लाकडी पोकळ असेल तर एक तालीम तिथेच घ्या. आवाज एवढा होतो की लपलेल्या पोलिसांचं हळू आवाजातलं 'टॅरंटारा' (तोंडाने काढलेला तुतारीचा आवाज) ऐकूच येत नाही.

चार गोष्टी कामाच्या. गाणं पाठ झाल्याशिवाय हालचाल देऊ नका. हातात वही असलेल्या माणसाला हालचाल शिकवणं वाया जातं. नाचाप्रमाणे आठपर्यंत मोजायला लावू नका, शब्दावर खूण द्या: 'या शब्दाला वळा'. लांब किंवा वरच्या स्वरावर कुणालाही चालवू नका, चालणं वाद्यांच्या तुकड्यात संपवा. आणि कुणालाही अशा जागी उभं करू नका जिथून कंडक्टरचा हात दिसत नाही. तालमीचा हॉल वेगळा असेल तर खऱ्या रंगमंचाची रेष जमिनीवर रंगीत टेपने आखा आणि दर वेळी तीच आखा.

मंडळातले जुने लोक 'पूर्वी असंच करायचे' म्हणून अडवतील, तेव्हा त्यांचं ऐकून घ्या, त्यात कामाच्या युक्त्या असतात. गिल्बर्ट-सलिव्हनचे ऑपेरेटा करणाऱ्या डॉयली कार्ट कंपनीकडे हक्क होते तोवर हौशी मंडळांनाही तिच्या रिवाजानेच जावं लागे. गिल्बर्ट १९११ साली वारला, १९६१च्या अखेरीस त्याच्या शब्दांवरचे हक्क संपले आणि तेव्हापासून कोणीही हवं तसं बसवू शकतं. जुन्यातलं जे तुमच्या माणसांच्या अंगाला बसतं ते ठेवा, बाकीचं निःसंकोच सोडा.

रंगमंचाची लांबी-रुंदी, विंगा किती, पुरुष नेमके किती आणि त्यातले तार सप्तकात गाणारे किती, एवढं कळवलंत तर पोलीस आणि चाचे यांच्या शेवटच्या झटापटीबद्दल वेगळं लिहीन. ती झटापट लहान रंगमंचावर सुरक्षितपणे कशी करायची हे मापं कळल्याशिवाय सांगणं बरोबर नाही.