कासवाच्या टँकसाठी ईएमआय घेऊ का?

दापोलीजवळ होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. मुलासाठी सुल्काटा या आफ्रिकन जमिनीवरच्या कासवाचं पिल्लू घेतलंय, अजून तळहातावर मावतं एवढंच, आणि त्याला घरात ठेवायला 24 हजारांचा रेडिमेड काचेचा टँक 12 महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर जूनपासून घ्यायचा विचार आहे.

ताई, नका घेऊ. महिन्याला 2 हजार फार वाटत नाहीत, पण हप्ता सुरू होणार ऐन पावसात, तुमच्या खोल्या रिकाम्या असतात तेव्हा, आणि नो-कॉस्ट म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा लागतोच. बरं, पैसे जातायत कशावर? हे जनावर 50 वर्षांच्या वर जगतं, 40 किलोच्या पुढे वाढू शकतं, त्याला हा टँक दोनेक वर्षांत पुरायचा नाही. शिवाय काचेपलीकडचं दिसतं म्हणून कासव तिथेच ढुशा देत राहतं.

त्यापेक्षा गावातल्या सुताराकडून मरीन प्लायचा वरून उघडा खोका करून घ्या, 4 बाय 2 फूट, भिंती सव्वा फूट उंच. 8 बाय 4 च्या एका शीटमध्ये आरामात बसतो, मजुरी धरून 6 हजार बाजूला ठेवा. खाली नारळाचा भुसा घाला. या पिल्लांना दमटपणा लागतो, नाहीतर पाठीवर उंचवटे येतात असं दिसतं, आणि दमटपणा आपल्याकडे फुकट आहे. पण ओल आणि गारठा एकत्र आले की छाती भरते, म्हणून खर्च करायचा तो उबेवर आणि यूव्हीबी ट्यूबवर, म्हणजे कॅल्शियम अंगी लागायला उन्हातले जे अतिनील किरण लागतात ते देणाऱ्या ट्यूबवर. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळपास येतच नाही, त्यामुळे खोका उन्हाच्या खिडकीशी ठेवून ट्यूबचे पैसे वाचत नाहीत. ट्यूब, बल्ब, फिटिंगला आणखी 5 हजार धरा, आणि हे रोख द्या. एका कोपऱ्यात बल्बखाली 35 डिग्री, दुसरा कोपरा थंड, म्हणजे ते स्वतःच जागा बदलतं. 75 वॉटचा बल्ब आणि ट्यूब दहा तास चालली की रोजचा साधारण एक युनिट, महिन्याला 30. तुमचं बिल 100 युनिटच्या आसपास असेल तर वरचे युनिट महाग स्लॅबमध्ये जातील, तेवढं बघून घ्या. कॅल्शियमसाठी किनाऱ्यावरचं समुद्रफेण (माकूळसारख्या प्राण्याचं पांढरं हाड) धुवून, उकळून, वाळवून ठेवलं की काम होतं, पावडरचे डबे नकोत.

उरलेल्या पैशांचं काय, तर दिवाळीनंतर सीझन लागला की हजाराची आरडी सुरू करा. खरा मोठा खर्च पुढे अंगणात आहे. सुल्काटा खोल बिळं खणतो, त्यामुळे चिऱ्याचं कुंपण जमिनीखालीही न्यावं लागेल, आणि आजारी पडलं तर कासव बघणारा डॉक्टर शोधत पुणे-मुंबई गाठावी लागेल, तो प्रवास आणि फी याच आरडीतून.

एक गोष्ट मात्र सगळ्या खर्चाच्या आधी. पाठीवर पिवळ्या चांदण्यांसारखी नक्षी असेल तर ते सुल्काटा नाही, तारा कासव आहे, ते पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, विकणाऱ्याने काहीही सांगितलं असलं तरी. मग खोका वगैरे काही नको, 1926 वर वन विभागाला कळवा. सुल्काटाच असेल तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते, विकणाऱ्याकडून कागद मागून घ्या, आणि ते हातात येईपर्यंत सुताराला ॲडव्हान्स देऊ नका.