सरकार नियमांच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवतं, त्या खरंच कुणी वाचतं का? पाठवून काही फरक पडतो का?

वाचतात, पण सगळ्या सारख्या वाचत नाहीत. मी आमच्या ग्राहक गटासाठी अशी पत्रं लिहितो, त्यावरून सांगतो. ‘आमचा या नियमाला तीव्र विरोध आहे’ एवढंच लिहिलं असेल, तर ते फक्त मोजणीत जातं.

याचं उत्तम उदाहरण ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने इंटरनेटच्या वेगवेगळ्या दरांबद्दल सल्लामसलतीचा कागद काढला आणि त्यात चार नेमके प्रश्न विचारले. फेसबुकने निवडक वेबसाइट फुकट दाखवणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’साठी लोकांकडून एका बटणावर तयार मजकुराची लाखो पत्रं पाठवून घेतली. त्या पत्रांत चार प्रश्नांची उत्तरंच नाहीत, असं ट्रायने सुनावलं आणि नेमकी उत्तरं द्यायला सांगितलं. समोरच्या बाजूने स्वयंसेवकांनी प्रश्नवार उत्तरं लिहून दिली होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम आला: मजकूर बघून वेगळा दर लावायला बंदी, मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड. एवढा खटाटोप करूनही फेसबुकला भारतात फ्री बेसिक्स गुंडाळावं लागलं.

संख्येचा उपयोग नाही असं मात्र नाही. संख्येमुळे वेळ मिळतो आणि बोभाटा होतो. २०२० च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर लाखो हरकती गेल्या. मुळात ऐन टाळेबंदीत, तेही फक्त इंग्रजी-हिंदीत मसुदा काढून लोकांनी मत द्यावं ही अपेक्षा! दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत भाषांतर करायला सांगितलं. तो मसुदा अंतिम झाला नाही.

आता कायद्याचं. जिथे केंद्रीय कायद्यानेच पूर्वप्रसिद्धीची, म्हणजे मसुदा आधी छापण्याची अट घातली आहे, तिथे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) कलम २३ लागतं. मुदतीत आलेल्या हरकती विचारात घेणं त्यामुळे बंधनकारक आहे. मान्य करणं नव्हे. शिवाय राजपत्रात ‘पूर्वप्रसिद्धीनंतर केलेला नियम’ म्हणून छापून आलं की तो रीतसर झाला याचा तोच निर्णायक पुरावा! २०१६ मध्ये कॉल ड्रॉपच्या भरपाईचा ट्रायचा नियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने कायद्याखाली केल्या जाणाऱ्या सगळ्याच नियमांसाठी अमेरिकेसारखा सल्लामसलतीचा कायदा संसदेने करावा असं सुचवलं होतं. असा सर्वांना लागू होणारा केंद्रीय कायदा काही झाला नाही.

मग लिहायचं कसं? समजा मसुद्यात लिहिलंय, ‘तक्रारीचे निवारण वाजवी मुदतीत करण्यात येईल.’ मी असं लिहीन:

‘नियम ७(३): “वाजवी मुदतीत” या शब्दांऐवजी “तक्रार मिळाल्यापासून १५ दिवसांत” असे शब्द घालावेत. कारण: मुदत ठरलेली नसल्याने विलंब कधी झाला हेच ठरवता येत नाही आणि नियम ९ मधील दंड लागूच होत नाही.’

हे वाचणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला एक तक्ता भरायचा असतो: नियम क्रमांक, हरकत, विभागाचा अभिप्राय. तुम्ही त्याला जणू रकानाच भरून देता. नियम, पर्यायी शब्द, कारण, बस्स. राग असेल तर तो वेगळ्या पत्रात काढा.

नुसते दोष दाखवू नका, पटलेलं कलमही ‘तसेच ठेवावे’ म्हणून लिहा. ज्यांना ते नको असतं त्यांचे वकील ते वगळा म्हणून लिहीतच असतात आणि ते ठेवा म्हणणारं एकही पत्र नसलं की ते कलम सहज गळतं.

हाती नेऊन दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. ईमेल असेल तर विषयात अधिसूचनेचा क्रमांक टाका. अंतिम नियम आल्यावर हरकतींच्या तक्त्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते. आणि टपालाने पाठवत असाल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. तारीख पोचल्याची धरतात, टाकल्याची नाही.